एका चौकोनापुरता उंदीर

सासऱ्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की सासूबाईंचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "भित्रे आहेत हे, दुसरं काही नाही." सासऱ्यांचं म्हणणं निराळं होतं. रक्तपेढीत त्यांना चालेल अशी पिशवीच मिळत नाही, गट जुळतो पण रक्त मिसळून पाहिलं की गुठळ्या होतात, आणि हाताशी रक्त असल्याशिवाय सर्जन तयार होत नाहीत. दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा रद्द झाली. जिना ते आडव्या अंगाने, एकेक पायरी कण्हत उतरायचे आणि खाली पोचल्यावर "आज बरंच बरं आहे" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मीही सासूबाईंच्याच पक्षात होते.

मी पोटापाण्यासाठी उंदीर आणि माणूस यांची तुलना करते. तांबड्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्यावरून एक रक्तगट ठरतो. ए, बी, ओ सगळ्यांना माहीत असतात, हा त्यांच्या पलीकडचा, कुणी न विचारणारा. ते प्रथिन बनवणारं जनुक उंदरातही आहे. दोघांत कुठे साम्य आणि कुठे फरक, हे शोधण्यात माझी चार वर्षं गेली आणि केसही बरेच गेले. उंदीर पिंजऱ्यात तयारच होते, माणसाचा एक ताजा नमुना हवा होता. सासरे दिवसभर घरीच. त्यांनी संमतीपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, सही केली आणि त्या दिवसापासून शेजारीपाजारी सांगत सुटले, "संशोधनात माणूस म्हणून मला घेतलंय!"

निकाल छापून मी जेवणाच्या टेबलावर पसरला. तीन ओळी होत्या. वरची उंदराची, मधली जगभरच्या माणसांची म्हणून मान्य असलेली, खालची माझ्या नमुन्याची. प्रथिनाचा एकेक मणी म्हणजे एकेक रंगीत चौकोन. सासऱ्यांनी चौतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली आहेत. ताटभर बटणांतून एक सदोष बटण ते बोलता बोलता उचलून फेकत. ती खोड अजून गेलेली नाही. भाजीवाल्यालाही ती माहीत आहे.

चहाचा कप हातात घेऊन ते कागदावर वाकले. "उंदराचे फरक दिसताहेत, ते ठीक. पण खालच्या ओळीत हा एक हिरवा काय करतोय? मधल्या ओळीत इथे पिवळा आहे. हिरवा तर उंदराचा." त्यांनी त्यावर बोट आपटलं. "हा माल बाद."

"बाबा, खालची ओळ तुमची आहे," मी म्हटलं.

सासूबाईंनी हातातली पोळी खाली ठेवली. इतकं मनापासून हसताना मी त्यांना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मला मात्र घाम फुटला. माझ्या हातून उंदराचं रक्त मिसळलं असणार, याची मला खात्रीच होती. चार वर्षं पाण्यात! दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं पुन्हा रक्त घेतलं, नळ्या नव्या, हातमोजे नवे, उंदीर दोन खोल्या दूर. हिरवा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. आणि मग संध्याकाळी भांडी घासता घासता माझ्या डोक्यात उजेड पडला. तरुणपणी कारखान्यात अपघात झाला तेव्हा त्यांना रक्त चढवलं होतं. सगळ्या जगाचा तो पिवळा चौकोन तेव्हा त्यांच्या शरीराने पहिल्यांदा पाहिला, परका ठरवला आणि मनात धरला. तेव्हापासून कुणाचंही रक्त आलं की गुठळ्या. माणूस भित्रा नव्हता, खरं बोलत होता. मी साबणाच्या हातांनीच बाहेर जाऊन त्यांची माफी मागितली. त्या रात्री सासूबाईंनी सासऱ्यांचे पाय चेपून दिले.

"मग मला रक्त देणार कोण? उंदीर?" सासऱ्यांनी विचारलं.

"सख्खं भावंड," मी म्हटलं. "त्याच्यातही हाच हिरवा असण्याची चारात एक शक्यता असते. आत्यांना विचारू."

ते लगेच म्हणाले, "राहू दे. मी लंगडत बरा."

आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी आत्यांनी नवं घर घेतलं, आणि पन्नास पाहुण्यांसमोर यांनी भिंतींचे सतरा दोष मोजून दाखवले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. शेवटी फोन सासूबाईंनी लावला. काय बोलल्या ते दार लावून बोलल्या.

आत्या रक्तपेढीत आल्या त्या काठी टेकत. भावाकडे न बघता खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. तिथल्या बाईंनी दोघांचं रक्त मिसळलं, नळी उजेडासमोर धरली. गुठळी नव्हती. पुन्हा करून पाहिलं, तरीही नव्हती. मी तर टाळीच वाजवली.

"काठी कशाला?" सासऱ्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"गुडघा बदलायचाय, सात वर्षं झाली. दोन बाळंतपणांत पोरांचं रक्त अंगात मिसळलं, तेव्हापासून मला कुणाचंच रक्त चालत नाही म्हणतात." आत्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "घरचे म्हणतात, घाबरते."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "सात वर्षं? अगं, मला एक फोन करायचास!"

"तू केलास, दादा?"

ते रडले, सगळ्यांदेखत, नाक ओढत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं दोघं आपापल्या जिन्यावर कण्हत होते, आणि एकाचं औषध दुसऱ्याच्या अंगात होतं.

एकमेकांचं रक्त जपून, मधे काही महिने सोडून घ्यावं लागणार होतं, म्हणजे दोन्ही ऑपरेशनं एकदम होणं शक्य नव्हतं. दोघांना घेऊन आम्ही सर्जनकडे गेलो, त्यांनी तारखांची वही उघडली. "आधी कुणाचं?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा कडाकडा भांडायला सुरुवात केली.