एक्केचाळीस नंबरची पिशवी

मास्तर थुंकले नाहीत. चिमूटभर माती जिभेच्या शेंड्यावर घ्यायची, टाळूला लावायची, डोळे मिटायचे आणि मग मोरीत थुंकून खळखळून चूळ भरायची, अशी त्यांची एकोणतीस वर्षांची सवय. माती तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत यंत्रं होती, आकडे यंत्रांवरच निघत. पण यंत्राचं बटण दाबण्याआधी मास्तर प्रत्येक नमुना चाखत. "देवानं फुकट दिलेली जीभ आहे, तिला गंज कशाला चढू द्यायचा?" म्हणत. सगळी कचेरी त्यांना चाखेमास्तर म्हणे. आज मात्र माती तोंडात तशीच राहिली आणि मास्तर पिशवीवरची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

चिठ्ठीवर त्यांच्या मेहुण्यांचं नाव होतं. मेहुणे जाऊन सात वर्षं झाली. शेत कागदावर अजून त्यांच्या नावावर आणि राबायला मास्तरांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गळ्यात. त्या शेताची चव मास्तरांना झोपेतसुद्धा ओळखता आली असती. उन्हाळ्यात तिथे पांढरा थर वर येतो आणि जिभेला लावला की खारट-कडू चटका बसतो. बारा वर्षांत तिथे धड गवत आलेलं नाही. आणि ही माती? गोडसर, मऊ, कुजल्या पानांच्या वासाची. दाताखाली विटेचा चुरा कचकचला.

"काय मास्तर, आवडली वाटतं? गिळलीत की काय?" पलीकडच्या टेबलावरून होयबा हसला. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवतो म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसे.

"ही बागेतली माती आहे."

"असेल. पिशवी आली, आकडा काढा, सही ठोका. चहा निवतोय तुमचा."

मामला तसा सरळ होता. ओसाड पडत चाललेल्या जमिनी वाचवायला बाहेरून मोठा निधी आला होता. पासष्ट शेतांत निचऱ्याचे चर खणायचे, म्हणजे पाण्याबरोबर जमिनीतलं मीठ ओढ्याला निघून जाईल. काम साहेबांच्या कचेरीकडे. तीन वर्षं दरसाल माती तपासायची. जी जमीन सुधारली ती यादीतून बाहेर. जी सुधारली नाही, तिथे दुसऱ्या टप्प्यात निधीवाले स्वतःचं यंत्र लावून चर खणून देणार. हे तिसरं वर्ष. एक्केचाळीस नंबरच्या पिशवीचा आकडा चांगला निघाला, की आक्काचं शेत कायमचं बाहेर.

मास्तरांनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आक्का, तुझ्या शेतात चर खणले का गं?"

"कुणी?"

"आमच्या साहेबांच्या माणसांनी."

"आले होते की जीपमधून. माझ्या हातात फावडं दिलं, फोटो काढला आणि फावडं घेऊन गेले. नवं कोरं होतं रे. मला वाटलं, ठेवतील."

"आणि माती नेली?"

"बुटाला लागली असेल तेवढीच. तीही माझ्या दारात झाडून गेले."

मास्तर इमारतीच्या मागे गेले. साहेबांच्या खिडकीखाली गुलाबाचा वाफा होता, विटांच्या तुकड्यांची किनार लावलेला. वाफ्यात खुरप्याने उकरलेले ताजे खड्डे होते, ओळीने. खत-पाणी घालून माणसं तिथे फुलं फुलवत होती आणि तीच माती पिशवीत भरून बाईमाणसाच्या तोंडचा घास काढत होती. मास्तर पिशवी घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पिशवी दोन बोटांत उचलली, खाली ठेवली आणि बाटलीतला सुगंधी द्रव हातावर घेऊन बोटन् बोट चोळलं. मातीच्या नावावर पोट भरणारा माणूस, आणि मातीला शिवल्यावर हात निर्मळ करत होता. त्या गोड वासापासून मास्तरांनी तोंड फिरवलं.

"गुलाब काय आभाळात येतो का मास्तर? तीसुद्धा जमीनच."

"साहेब, शेत माझ्या बहिणीचं आहे."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" साहेब खुर्ची पुढे ओढून आपलेपणाने बोलू लागले. "बसा. आक्कांच्या पिशवीत आक्कांचीच माती घालू. एखादा आकडा वाईट आला तर उलट बरं दिसतं, अहवाल खरा वाटतो. बाकीच्या चौसष्टांवर तेवढ्या सह्या करा. आक्कांच्या शेतात यंत्र आणायचं माझ्याकडे लागलं."

"आणि ते चौसष्ट?"

"त्यांना बहीण नाही म्हणा," साहेब हसले. "पाचपर्यंत कागद द्या."

मास्तर टेबलाशी येऊन बसले. खोटं कशाला बोला, त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. सदुसष्ट वर्षांची आक्का त्यांच्या डोळ्यांपुढे उभी होती, हातात दुसऱ्याचं फावडं धरून. एक्केचाळीस नंबरची पिशवी बाजूला ठेवून त्यांनी बेचाळिसावी उघडली, चाखली. गोड. त्रेचाळिसावी गोड. चव्वेचाळिसावी चाखताना त्यांचा हात थांबला.

ही चव नवी नव्हती. गेली दोन्ही वर्षं हीच चव होती, हाच विटेचा चुरा. तेव्हा ओळखली नव्हती का? ओळखली होती. पण तेव्हा निम्म्या पिशव्या होयबाकडे जात, आक्काची त्यांतच गेली होती, आणि मास्तरांपुढच्या चिठ्ठ्यांवरची नावं परक्यांची होती. मास्तर मोरीत थुंकले होते, चूळ भरली होती आणि सह्या केल्या होत्या. त्यांनी कपाट उघडून जुने कागद काढले. ठसठशीत, वळणदार सही, एकाखाली एक. साहेबांची किळस आली होती ती काहीच नव्हती. आता आली ती स्वतःच्या हाताची. तो हात त्यांनी नळाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. कशाने काय निघणार होतं?

मग त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: 'हे पासष्टही नमुने त्या-त्या शेतांतले नाहीत. मागील दोन्ही वर्षांचे निकाल माझ्या सहीने खोटे गेले आहेत.' खाली सही केली. एक प्रत साहेबांकडे दिली, एक निधीवाल्यांना पाठवली.

पुढे व्हायचं तेच झालं. पासष्ट कोऱ्या कागदांवर होयबाने सह्या केल्या. निधीवाल्यांच्या दोन माणसांनी साहेबांकडे जेवून खुलासा घेतला आणि तो पटवून घेतला. पासष्टही शेतं सुधारली. मास्तरांचा कागद मात्र कुणी फाडला नाही. त्यातलं दुसरं वाक्य तेवढं उचललं आणि खोटे निकाल दिल्याची चौकशी त्यांच्यामागे लावली. निवृत्तीला उरलेले सात महिने मास्तरांनी कोठीत रिकाम्या बरण्या पुसण्यात काढले आणि एक दिवस निरोपाचं भाषण न होता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आक्काकडे आले. ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, साहेबांनी काय देऊ केलं होतं तेही.

"मला विचारायचं तरी होतंस," आक्का म्हणाली.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"शिव्या घातल्या असत्या. सही केली असतीस तरी, नसती केलीस तरी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "उठ आता. चपला काढून ठेव, तिथे रुततात."

शेताच्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत तिने आधीच दोरी ताणून ठेवली होती. शेजाऱ्याकडून कुदळ मागून आणलेली, घमेलं घरचं. कमरेइतका खोल चर, सगळा मिळून चारशे हात. तिने एकटीने महिनाभरात नऊ हात खणला होता.

मास्तर खाली उतरले आणि कुदळ उचलली. पहिल्याच घावाला हाताला मुंग्या आल्या. त्यांनी मान वर करून ओढ्याकडे पाहिलं.

"लांब बघू नकोस," आक्का घमेलं पुढे सरकवत म्हणाली. "पायाखालचं खण. कमरेला उसण भरली तर तेल मलाच चोळायला लागेल."

तिन्हीसांजेपर्यंत दोघांनी मिळून अकरावा हात पुरा केला. आक्काने चराच्या टोकाशी एक दगड ठेवला आणि दोघं हात-पाय धुवायला घराकडे वळली.