तीन अँपिअर

"वन्सं, पंखा लावलात?"

"नाही गं बाई! तू बटणाला हात तरी लावू देतेस का कुणाला?"

खरंच, पलंगावरचा पंखा गुमान थांबलेला होता. त्याखाली वाइंडर उशांना टेकून बसला होता. नाकात नळी होती, उशाशी ऑक्सिजनचं मशीन धापा टाकत होतं. जळलेल्या मोटारींना नव्या तारेचे वेढे घालण्यात त्याचा जन्म गेला होता, म्हणून सारी गल्ली त्याला वाइंडरच म्हणायची. आणि तो बायकोला मीटर म्हणायचा. "ही मोजल्याशिवाय सावलीवरसुद्धा विश्वास ठेवायची नाही," असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

मीटर आत्ता इन्व्हर्टरपाशी उकिडवी बसली होती. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर सकाळीच जळला होता आणि ऑक्सिजन सिलिंडरची गाडी यायला दुपार टळणार होती. तोवर मशीन चालायलाच हवं होतं. बॅटऱ्या मात्र थकलेल्या. तिने घरातली सगळी बटणं बंद केली होती, फ्रीजची पिनही उपसून ठेवली होती. मशीन एकटं असलं की बॅटरीतून पंधरा अँपिअर जातात हे तिला पाठ होतं. तारेभोवती अडकवलेला मीटर अठरा दाखवत होता.

तीन अँपिअर कुणीतरी खात होतं.

तीन गुणिले चोवीस व्होल्ट, बहात्तर वॅट. त्यातले थोडे इन्व्हर्टरच्या पोटात जातात, उरले साठेक. म्हणजे एक पंखा. म्हणूनच तिचा पहिला संशय नणंदेवर गेला होता.

"घामाने भिजलाय तो," नणंद एक्स-रेच्या पाकिटाने भावाला वारा घालत म्हणाली. "घटकाभर लाव की पंखा. काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, व्होल्टेज कोसळेल."

"मेली तुझी गणितं! माझ्या भावाचा जीव कासावीस झालाय आणि ही भागाकार करत बसलीय!"

भागाकार खरंच चालू होता. सकाळी लोड नसताना पंचवीस व्होल्ट होते, लोड पडताच तेवीस पॉइंट दोन झाले. एक पॉइंट आठ भागिले अठरा, ओहमचा दहावा हिस्सा. एवढासा रोध, पण तो बॅटऱ्यांच्या आतच होता. बाहेरून जितके अँपिअर ओढावेत तितक्या त्या आतल्या आत तापून स्वतःलाच खात होत्या. तिने बॅटरीच्या कुशीला हात लावला. कोमट होती. व्होल्टचा आकडा बावीस पॉइंट एकवर आला होता. बावीसच्या खाली शिट्टी, एकविसाला इन्व्हर्टर मान टाकणार.

मेन स्विच पाडून एकेक लाइन तपासायची तर मशीनही बंद पडलं असतं.

"अहो," ती उठून पलंगाशी आली, "घरात साठ वॅटचं काय चालू आहे?"

वाइंडरने नजर भिंतीकडे वळवली. "मीटर..." त्याने श्वास गोळा केला, "मीटर बिघडला असेल."

ती जागीच थबकली. दुकानात कुणी मीटरला नाव ठेवलं की हाच माणूस उसळायचा. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ती मागच्या, त्याच्या कामाच्या खोलीकडे धावली. वार्निशच्या वासामुळे डॉक्टरांनी त्याला तिथे जायला मनाई केली होती. दार ढकललं तर वास नाकात शिरला. कोपऱ्यातल्या लाकडी पेटीच्या फटींतून पिवळा उजेड झिरपत होता. वेढ्यांवरचं ओलं वार्निश सुकवायचा साठचा बल्ब! लाइट गेली तरी सुकणं थांबू नये म्हणून ही लाइन त्यानेच कधीतरी इन्व्हर्टरवर घेतली होती. तिने झाकण उचललं. आत एका पंख्याचा गाभा होता, नवी तार घातलेला. पाती भिंतीला टेकवून ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या पंख्याची. तो जळला तेव्हापासून "करतो गं, करतो" चाललं होतं. तिला वाटलं होतं, भंगारात गेला.

"वहिनी!" आतून नणंद किंचाळली. "शिट्टी वाजतेय!"

तिने बटण बंद केलं. पेटी अंधारली. भिंतीपलीकडची शिट्टी आणखी दोनदा वाजली आणि थांबली. ती परत आली तेव्हा मीटरवर पंधरा होते.

"कुठे गेली होतीस?" नणंदेने विचारलं.

"बल्ब राहिला होता. माझ्याकडूनच." तिने पाकीट नणंदेच्या हातातून घेतलं. "बसा तुम्ही. आता मी घालते वारा."

गाडी आली, सिलिंडर लागला, मशीन गप्प झालं. नणंद चहा टाकायला गेली. मग मीटरने मागच्या खोलीतून तो गाभा आणला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या.

"ओहम किती?" पलंगावरून विचारणा झाली.

दोनशे यायला हवे होते. एकशे चौऱ्याऐंशी आले. मोजता मोजता दम लागला असेल आणि काही वेढे निसटले असतील. या हाताचे कधी निसटले नव्हते.

"दोनशे," ती म्हणाली.

वाइंडरने तिच्या पाठीकडे पाहिलं. "मीटर खोटं बोलत नाही," तो हळूच म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तिने गाभ्याची ओली बाजू उन्हाकडे फिरवली.