सम्राटाचे बैल

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा आमच्या खडकवाडीत पेढे वाटले होते. का वाटले ते मला आजही कळलेलं नाही. आधी उस्मानाबादला जाऊन जोडे झिजवायचे, ते आता लातूरला झिजवायचे, एवढाच काय तो फरक. पण आमच्या भागाचे पुढारी बापूसाहेब म्हणाले, आता आपलं राज्य आलं. आणि आम्ही पेढे खाल्ले.

पुढं पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली, तेव्हा हे राज्य नेमकं कुणाचं ते नीट समजलं. रेणापूरकडच्या गावांना येणारे टँकर बापूसाहेबांच्या बोटावर फिरत. पाणी सरकारचं, डिझेल सरकारचं. पण कुठल्या गावाला आधी आणि कुठल्या गावाला नाहीच, ते बापूसाहेब ठरवायचे. टँकर आला की ड्रायव्हर भोंगा वाजवायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "बापूसाहेबांची मेहरबानी!" मग आम्ही बायकांनी "हाव, मेहरबानी" म्हणायचं, आणि त्यानंतर नळी सुटायची. मला तर त्या पाण्याचा घोट कडू लागायचा.

एक दिवस बापूसाहेबांचा माणूस, शिवलिंग, जीप घेऊन आमच्या दारात आला. माझी सासू मल्लम्मा, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओसरीवर बसली होती. नवरा, मन्मथ, आमच्या नंद्या आणि हौश्या या बैलांपुढे वाळकी धाटं टाकत होता.

"मावशी, नशीब काढलं तुम्ही," शिवलिंग म्हणाला. "जिल्ह्याचा वाढदिवस हाय. लातुरात मिरवणूक निघणार. हजार वर्षांमागं आपल्या लातूरचे राष्ट्रकूट सम्राट होते, त्यांचा देखावा. सम्राट आपले धाकटे साहेब."

धाकटे साहेब म्हणजे बापूसाहेबांचा मुलगा. तिशी उलटली तरी वडिलांच्या जिवावर जीप फिरवणारा.

"बरं, मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"सम्राटाच्या गाडीला तुमची जोडी पाहिजे. एवढी उंचपुरी जोडी आसपास न्हाई. आन् गावं झाली मांडलिक राजे. दर गावानं आपल्या विहिरीची एक घागर आणायची, सम्राटाच्या पायावर अभिषेक करायचा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच चूक झाली. आमच्या विहिरीत रात्रभर जे झिरपायचं ते सकाळी घरटी एक घागर वाट्याला यायचं. त्यात पिणं, रांधणं, जनावरं, सगळं. ती घागर त्या ऐतोबाच्या पायावर ओतायची?

"कवा हाय मिरवणूक?" मन्मथनं विचारलं.

"ऑगस्टात साहेबांना सवड नव्हती. आता अमावस्येला धरलीय."

"अमावस्येला पोळा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मग तर चांगलंच की! बैल सजवलेलेच असतेत."

या माणसाला काय बोलावं! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वर्षभर जो राबतो त्याचा तो एक दिवस. त्या दिवशी त्याला न्हाऊ घालायचं, पुरणाची पोळी चारायची, आणि घरच्या धन्यानं त्याच्या पाया पडायचं.

"पोळ्याला आम्ही जू ठेवीत न्हाई," आत्याबाईंनी सांगितलं.

शिवलिंगनं आवाज उतरवला. "मावशी, टँकरचं बघा. बापूसाहेबांना न्हाई ऐकायची सवय न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "शिवलिंगा, त्या सम्राटाचं पुढं काय झालं रं?"

शिवलिंगनं लाउडस्पीकरवर बोलायचं सगळं पाठ केलेलं होतं. तो खुलला. "आधी ते सोताच मांडलिक होते, चालुक्यांचे. मग त्यांनीच मालकाला पाडलं आन् सम्राट झाले. लई मोठं राज्य."

"मग?"

"मग काय... त्यांच्याच एका मांडलिकानं त्यांना पाडलं. पण ते आपण देखाव्यात घेतलेलं न्हाई."

"न्हाईच घेणार," आत्याबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

गाव जमलं, गाव भांडलं आणि गाव वाकलं. लेकराबाळांच्या तोंडचं पाणी कोण तोडणार? बैल आमचे म्हणून घागरही आमच्याच घरची ठरली. मन्मथनं मान खाली घालून हो म्हटलं. मला त्याचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त कीव आली. आत्याबाई मात्र माझ्याशी बोलत राहिल्या. "माझ्या सासूनं निजामाच्या जहागीरदाराकडं दुधाची चरवी नेली. लेकरं उपाशी ठेवून नेली, सिंधे. निजाम गेला. उस्मानाबाद गेलं, लातूर आलं. डोक्यावरचं वझं काही उतरंना."

पोळ्याच्या दिवशी मन्मथनं बैलांना नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. शिंगांना बेगड लावली, आणि खांद्यांवर जू ठेवलं. नंद्यानं मान वाकवली. त्या मुक्या जनावराला काय ठाऊक की आज त्याचा दिवस आहे!

लातुरात ऊन मी म्हणत होतं. बैलगाडीवर फळ्या ठोकून, त्यावर सोनेरी कागद चिकटवलेलं सिंहासन बसवलं होतं. त्यात धाकटे साहेब रेलून बसले होते, डोक्याला मुकुट, हाताला घड्याळ. गाडी सकाळपासून ठायी ठायी थांबत होती. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. मन्मथनं दोनदा पाणी मागितलं, दोनदा शिवलिंग म्हणाला, "अभिषेक होऊ द्या आधी."

चौकात गाडी थांबली. आम्ही सगळ्या गावांच्या बायका घागरी घेऊन रांगेत. पहिल्या गावची घागर वर घेतली गेली, साहेबांच्या पायावर ओतली, फळ्यांतून गळून डांबरावर पसरली आणि बघता बघता वाळून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! त्या पाण्यात एका घराचा दिवस निघाला असता.

"आता मांडलिक खडकवाडी!" शिवलिंग लाउडस्पीकरवर ओरडला.

आत्याबाई पुढं झाल्या. पण वर हात करून उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी घागर दिलीच नाही. त्या सरळ बैलांपुढं गेल्या आणि ती रुंद तोंडाची घागर जमिनीवर ठेवली. मग आधी नंद्याचं, मग हौश्याचं गळ्याचं जोतं सोडलं आणि जुवाच्या शिवळा, त्या लाकडी खुंट्या, उपसून काढल्या.

"माय, काय करायलीस!" मन्मथ ओरडला.

"पोळा करायले," त्या म्हणाल्या.

बैलांना पाण्याचा वास लागला होता. दोघंही मान काढून पुढं सरले, आणि जू धाडकन खाली आलं. दोन चाकांची गाडी ती, बैल सुटल्यावर पुढं कलणारच. सिंहासन घसरलं, मुकुट घरंगळत गटारीपाशी गेला, आणि सम्राट दोन्ही हात डांबरावर टेकून बैलांच्या मागच्या पायांशी पडले. पोळ्याला बैलाच्या पाया पडतातच म्हणा. नंद्यानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं घागरीत तोंड घातलं होतं.

चौक असा हसला की लाउडस्पीकरही ऐकू येईना.

शिवलिंग धावत आला. "मल्लम्मा! खडकवाडीचा टँकर आजपासून बंद!"

"आम्ही बैलाला वर्षातून एक दिस देतो," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला तेवढा बी देत न्हाई. कर बंद."

आमची लेकरं, सारं गाव डोळ्यापुढं उभं राहिलं. तेवढ्यात रांगेतली पुढची बाई, साखराबाई, पुढं आली. ती कुठल्या गावची हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पडलेल्या साहेबांना वळसा घालून तिनं आपली घागर हौश्यापुढं ठेवली.

"आमचा बी बंद कर," ती म्हणाली.

तिच्या मागची पुढं आली. तिच्याही मागची. सगळ्याच गावांचे टँकर बंद करून शिवलिंग जाणार कुठं होता? एकाचा बंद करता येतो, म्हणून तर बाकीचे वाकतात.

त्या आठवड्यात टँकर एक दिवस उशिरा आला, पण आला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, खाली उतरला आणि सवयीनं म्हणाला, "बापूसाहेबांची मेहर..."

आत्याबाई घागर घेऊन त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"पाणी सरकारचं हाय," त्या म्हणाल्या. "नळी सोड."

त्यानं नळी सोडली.