माझ्या नावाचा शिक्का

तैपेईच्या कडेला असलेल्या आमच्या वॉर्डाने चाळीस वर्षं एकाच पक्षाला निवडून दिलं, आणि रांगेत पहिली मी असायची. यंदा माझाच चिन-फा दुसऱ्या पक्षाकडून उभा राहिला. मी चारचौघांत सुनावलं, "माझ्या मताची आशा धरू नकोस!"

"नको देऊस, आई. हरलो तर इथं राहणारही नाही."

मतदानाच्या दिवशी पडद्याआड गेले आणि मतपत्रिकेवर त्याचा फोटो पाहून मला राहवेना. तिथला सरकारी शिक्का सगळ्यांच्या हातचा, उष्टा. लेकाला मत द्यायचं तर माझ्या नावाचंच द्यावं म्हणून मी माझा शिक्का काढला. आमच्याकडे सहीऐवजी तो बँकेत चालतो, जमिनीच्या कागदावर चालतो. तोच उमटवला.

संध्याकाळी शाळेत एकेक मतपत्रिका उंच धरून मोजत होते. "ही बाद! स्वतःचाच शिक्का मारलाय!" नाव न वाचताच अधिकारी ओरडला.

"कोण गं हे येडं?" शेजारीण हसली. मीही हसले.

चिन-फा एका मताने हरला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला आणि बॅग घेऊन निघाला. मी पिशवीतला शिक्का घट्ट धरून उभी राहिले.