रंगनाथकाकांचा बेस

"काकांचा बेस काढून टाक, उज्वला. आपण कीबोर्डवर मारू," अमोल म्हणाला आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत उठला.

घ्या! देवीच्या गाण्यांची सीडी तो काढणार, म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच. उज्वला बापडी इंदिरानगरातल्या गॅरेजमधल्या स्टुडिओची रेकॉर्डिस्ट. पण रंगनाथकाका तिच्या वडिलांच्या ऑर्केस्ट्रातले बेस गिटारवाले. लहानपणी ती त्यांच्या ॲम्प्लिफायरला टेकूनच झोपायची. ऑर्केस्ट्रा बंद पडला, काका पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागले आणि तिथल्या गारठ्यानं त्यांची बोटं आखडली. आता त्यांचा प्रत्येक सूर ढोलकीच्या मागून येत होता. एवढी वर्षं वाजवून त्यांचं नाव कुठल्याही कॅसेटवर छापलं गेलं नव्हतं. या सीडीवर ते पहिल्यांदा येणार होतं.

"उद्यापर्यंत थांब ना," ती अमोलला म्हणाली.

मग ती कॉम्प्युटरला जी चिकटली! काकांचा एकेक सूर कापून तिनं ठेक्यावर नेऊन बसवला. तारेची खरखर काढली, दबलेले सूर वर आणले, उसळलेले खाली दाबले. डोळ्यांची पार वाट लागली, पण दुसऱ्या दिवशी अमोलनं ऐकून मान डोलावली. "अरे, काका तर फॉर्मात आहेत!" उज्वलाचा जीव भांड्यात पडला.

दुपारी काका आले, द्राक्षांची पेटी घेऊन. नेहमीसारखा स्पीकरवर तळवा ठेवून त्यांनी गाणं ऐकलं.

"लय भारी. कोण वाजवतंय?"

"असं काय करता काका? तुम्हीच!"

"मी नाय वाजवलं हे."

"थोडंसं साफ केलंय फक्त."

"साफ? पुसून काढलंस की मला, पोरी."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. तिला रडूच आलं. अमोल काय म्हणाला होता ते तिनं सगळं सांगून टाकलं.

"माझं जसं हाय तसं लाव बरं," काका म्हणाले.

तिनं नुसता बेस लावला. रेंगाळत, अंतऱ्यात तर चक्क चुकत, तो कसाबसा शेवटाला पोचला. काकांनी तळवा काढला नाही.

"सीडीत तुझंच जाऊ दे. ते चांगलं हाय. पण कव्हरवर माझं नाव नको. खोटं होईल ते."

"काका, अहो, पहिल्यांदा येत होतं..."

"हे माझं मला घरी न्यायला दे."

तिनं तो बेस कोऱ्या सीडीवर उतरवला आणि वर लिहायला पेन उचललं. काकांनी ते तिच्या हातातून घेतलं. मुठीत धरून, थांबत थांबत, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.