झोपमोड

"खुर्चीला हात लावायचा नाही! तुझ्या बापाची आहे का ही?"

बासिलियोचा आवाज ऐकला आणि क्रिसांता चुलीवरचं पातेलं तसंच टाकून दाराकडे धावली. बासिलियो नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी बसून एका झुलत्या खुर्चीची बैठक विणत होता. समोर शाळेतले मास्तर अवघडून उभे होते. खुर्ची त्यांचीच होती.

क्रिसांताने नवऱ्याच्या मानेवर तळवा ठेवला. लेओन शहरात उन्हाळ्यात घाम कुणाला चुकत नाही, पण हा घाम गार होता. वेताची पट्टी वरून जायची तिथे खालून गेली होती. चाळीस वर्षं वेत विणणारा माणूस शुद्धीत असताना असं चुकत नाही.

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका. साखर उतरलीय त्याची," ती म्हणाली आणि आतून गुळाचं दाट पाणी घेऊन आली.

"तू कोण गं मला पाजणारी?"

"तुझी बायको. पी गुमान."

भांडं त्याच्या दातांवर वाजत होतं. थोडं सांडलं, बरंचसं पोटात गेलं. मास्तर निघून गेले. काही वेळाने बासिलियोच्या डोळ्यांत ओळख परतली. आपल्या ओल्या सदऱ्याकडे बघत तो खजील होऊन म्हणाला, "शिव्या दिल्या का गं?"

"दिल्यास. पण आज माझ्या आईला वगळलंस."

"चुकलंच. उद्या तिला दोन जास्त देतो."

दोघंही हसली. मग तिने त्याला भात-घेवडा खायला लावला आणि पुढ्यात बसून राहिली. इन्सुलिनची सुई सुरू झाल्यापासून तिचं आयुष्य असंच चाललं होतं. तो हसतो कसा, हाक कशी मारतो, बटण लावताना अडखळतो का, यावर तिचं सतत लक्ष असे. दवाखान्यातल्या नर्सने एकदाच समजावून सांगितलं होतं. बाकीचं ती त्याच्याकडे बघून शिकली. साखर पुरती उतरायच्या आधीच ती त्याला गाठायची. त्यामुळे पुढे काय होतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यामुळेच ती कुठे जातही नव्हती. समुद्र बसने तासाच्या आत, पण त्याचं पाणी पायाला लागून तिला कैक वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात तिची धाकटी बहीण एल्विरा आली आणि हट्टालाच पेटली. "एक दिवस चल पोनेलोयाच्या किनाऱ्यावर. तळलेला मासा खाऊ, पाण्यात पाय सोडून बसू. मरणार आहोत गं आपण दोघी, न बसताच."

"जा," बासिलियो म्हणाला. "तुझ्या पहाऱ्यातून मलाही एक दिवस सुटका हवीय."

शेजारच्या तोमासाने जबाबदारी घेतली. क्रिसांताने तिला सगळं दोनदा सांगितलं. गार घाम आला, हात थरथरले, विनाकारण चिडला, भलतंच बोलायला लागला, तर आधी गुळाचं पाणी द्यायचं, मग बाकीचं.

"अगं, मी सात पोरं वाढवलीत," तोमासा म्हणाली. "एक म्हातारा सांभाळता येणार नाही होय मला?"

सकाळची सुई क्रिसांतानेच टोचली. न्याहारी समोर बसून खायला लावली. दुपारचं ताट झाकून ठेवलं आणि ती बसमध्ये चढली.

समुद्रावर त्या दोघी पोरींसारख्या वागल्या. लाट आली की झगे गुडघ्यापर्यंत उचलून किंचाळल्या. एल्विराने वडिलांच्या घोरण्याची नक्कल केली, तेव्हा क्रिसांताला हसता हसता ठसका लागला. दुपार कशी कलली ते कळलं नाही. त्या सगळ्या वेळात तिला बासिलियोची आठवण झाली नाही. ही गोष्ट पुढे तिने कुणालाही सांगितली नाही.

संध्याकाळी ती गल्लीत वळली तेव्हा तो दारातच खुर्चीत टेकून बसलेला दिसला. डोक्याखाली उशी होती. खुर्ची सावलीत सरकवलेली होती.

तोमासा ओठांवर बोट ठेवून समोर आली. "हळू! दुपारपासून गाढ झोपलाय. मी रेडिओसुद्धा बंद केला. पोरांना पलीकडच्या गल्लीत खेळायला पिटाळलं. मास्तर आले होते, त्यांनाही म्हटलं, नका उठवू, बिचाऱ्याला कधी नव्हे ते निवांतपण मिळालंय."

क्रिसांताच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बासिलियो! अरे ए बासिलियो!"

तिने त्याचे खांदे हलवले, गालावर थापट्या मारल्या. सदरा पिळून काढावा इतका ओला होता. घशातून घरघर येत होती. आत ताटावरचं फडकं हललेलंसुद्धा नव्हतं.

तोमासा धावत जाऊन गुळाचं पाणी घेऊन आली. "पाज, पाज त्याला!"

"नको! गिळत नाहीये तो. श्वासात जाईल." क्रिसांताने त्याला जमिनीवर कुशीला वळवलं, तोंड मोकळं राहील असं डोकं ठेवलं आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन हात पसरून उभी राहिली. भाजीचा एक टेम्पो थांबला. रिकाम्या करंड्यांमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती दवाखान्यापर्यंत त्याला हाका मारत गेली.

शिरेतून साखर गेली. आकडा वर आला, बासिलियो आला नाही. बऱ्याच दिवसांनी त्याने डोळे उघडले, तेव्हा तरुण डॉक्टरीण तिला व्हरांड्यात घेऊन आली. "मेंदू फार वेळ उपाशी राहिला, आजी. थोडं लवकर कळलं असतं तर..."

घाम सांगितला होता, थरथर सांगितली होती, राग सांगितला होता. झोपला तर उठवून बघ, एवढंच क्रिसांताने सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर बासिलियो कधी चिडला नाही. कुणी बसवलं तिथे बसायचा, भरवलं ते खायचा. वेताची पट्टी हातात दिली तर ती नीट घडी करून परत द्यायचा. तोमासाने सुरुवातीला सूप आणून दिलं, ती दारात उभी राहून रडली. 'तुझी चूक नाही' हे शब्द क्रिसांताच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे. मग तोमासा यायची बंद झाली. दुपारी तिचं दार लावलेलं असायचं.

एके दिवशी उन्हं उतरताना क्रिसांता उभ्यानेच त्याला भात भरवत होती. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या नजरेने तिचा हात थांबला.

"बाई, तुम्ही माझं फार करता," तो अदबीने म्हणाला. "पण अंधार पडेल आता. तुमचं घर लांब आहे का?"

"नाही," क्रिसांता म्हणाली. "जवळच आहे."

"मग बसा की थोडा वेळ."

ती बसली.