मेंग आजोबांचे नवे डोळे

मी चहाचा एक पेला बोलतोय. बिनकानाचा, मुठीत मावेल एवढा, हिरवट-राखाडी झिलईचा. अंगावर उडणारे दोन करकोचे. हळूच बोलतोय, कारण मेंग आजोबांचे कान अजून शाबूत आहेत.

गांगजिन गावच्या खाडीजवळच्या मातीतला मी. मेंग दालहो आजोबांनी मला चाकावर उभं केलं, अंगावर करकोचे कोरले आणि त्या रेषांत पांढरी माती भरली. त्यांच्या बोटांत फार माया होती. म्हणून त्याच बोटांत हातोडी दिसली तेव्हा माझा विश्वासच बसेना.

भट्टी उघडली त्या सकाळची गोष्ट. आम्ही सहा भावंडं फळीवर ओळीनं बसलो होतो. अंग अजून कोमट होतं. निवताना झिलईतून टिण टिण आवाज येत होता. आजोबा एकेकाला उजेडात धरत होते.

"पिवळा पडलाय." ठण्ण! पहिला फुटला.

"हाही पिवळाच." दुसरा गेला.

भट्टीत हवा जास्त शिरली की आमचा रंग पिवळट होतो, आणि असा पेला आजोबा घरात ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण ते दोघं तर किती सुंदर हिरवे होते! ते पिवळे, तर मी कसा होतो? पेल्याला आपलं अंग कुठं दिसतं? तिसरा फुटला तेव्हा त्याची कपची उडून माझ्या काठावर आपटली.

चौथा मी.

आजोबांची मुलगी ओक्बून अंगणात किमचीच्या आंबट-तिखट लोणच्यासाठी मुळे धूत होती. आवाज ऐकून ती हातातल्या मुळ्यासकट तशीच धावत आली. पायाशी पडलेला तुकडा तिनं उचलला.

"बाबा, यात पिवळं कुठंय हो?"

"तू आपले मुळे धू. पन्नास वर्षं भट्टी लावतोय मी."

हातोडी वर गेली. माझ्या अंगातली उरलीसुरली ऊब पळाली.

ओक्बूननं ओला मुळा त्यांच्या नाकासमोर धरला. "मग हा कोणत्या रंगाचा, तेवढं सांगा."

"पिवळट. शिळा मुळा घेतलास कशाला? बाजारात डोळे मिटून फिरतेस काय?"

"बाबा, आत्ता उपटलाय परसातून. दुधासारखा पांढरा आहे."

आजोबांनी हातोडी खाली ठेवली. मुळा उजेडात धरला, नखानं खरवडून पाहिला. मग जमिनीवरच्या तुकड्यांकडे बघत राहिले.

"मागच्या भट्टीतले... तेही चांगलेच होते का गं?"

ओक्बून खाली बसून तुकडे गोळा करू लागली. त्यांनी मुळा खाली ठेवला आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. माझ्याएवढंच भ्यालेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हा कसा उतरलाय?" त्यांनी मला तिच्यापुढे केलं.

तिनं मला सगळीकडून फिरवून पाहिलं. मग मला बुडाशी धरलं. "अगदी तुमच्या हातचा, बाबा."

तेव्हापासून आजोबा माझ्यातूनच चहा पितात. त्यांचा मोतीबिंदू आता पिकलाय. उद्या ओक्बून त्यांना ऑपरेशनला नेणार आहे. ती खुशीत आहे. मी मात्र जीव मुठीत धरून बसलोय.

कारण माझ्या बुडाशी खरोखरचा एक पिवळा डाग आहे. मला विसळताना ओक्बून तसं पुटपुटली, म्हणून मला कळलं; तिला तो त्या दिवशीच दिसला होता. ती आजोबांशी बोलत होती तेव्हा तिचा अंगठा नेमका त्या डागावर होता.

आजोबा, पट्टी सुटली की मला जरूर पाहा. फक्त आधी गरम चहा ओता, आणि मला दोन्ही हातांनी धरा.